तोंडाकडे न बघता मागितलेलं पाणी

ताई,

परवा तुमचा जलदानविधी झाला. तुमच्या घरचा हॉल पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरून गेला होता, सतरंजीवर मांडी घालायला जागा नव्हती, आणि माझे गुडघे बघून कुणीतरी मला दाराच्या डावीकडच्या खुर्चीत बसवलं. नेमक्या त्याच खुर्चीत. मला हसू आलं. ते दाबायला गेलो तर खांदे हलायला लागले. मागच्या गृहस्थांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "संभालिए, भाईसाहब." तुम्ही असतात तर खूष झाला असतात. म्हणाला असतात, साळवी, त्यांना दिसले फक्त हलणारे खांदे, रडणं त्यांनी स्वतःच्या घरून आणलं.

आपली ओळख त्या खुर्चीपासूनच सुरू झाली. ही गोष्ट तुम्ही इतक्या जणांना सांगितलीत की गेटवरचा चौकीदारसुद्धा मला बघून हसायचा. आज ती मी सांगतो, कारण तुम्ही सांगताना दर वेळी माझं थोडं जास्तच हसं व्हायचं.

द्वारका तेव्हा नुकती वसत होती. सेक्टरांना नंबर होते, पण रस्त्यांवर दिवे नव्हते. रिकाम्या प्लॉटांवर मोर ओरडायचे आणि विमानं इतकी खालून जायची की बोलणारा माणूस मध्येच थांबायचा आणि विमान गेल्यावर पुढचं वाक्य बोलायचा. आपल्या सोसायटीचे सगळे ब्लॉक एकाच साच्यातले, तोच फिकट पिवळा रंग, तीच जाळीची दारं, आणि लिफ्टच्या जागी ठोकलेल्या फळ्या. मी फरीदाबादच्या कारखान्यातून बस बदलत बदलत घरी यायचो. त्या संध्याकाळी मी एक जिना आधी वळलो. तिसरा मजला चढलो, जाळीचं दार ढकललं, बूट काढले, डावीकडच्या खुर्चीत बसलो, डोळे मिटले आणि म्हणालो, "पाणी दे गं."

पाणी आलं. मी प्यायलो, आणखी मागितलं, तेही आलं. ते टँकरचे दिवस होते, पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी लोक माठात डोकावून बघायचे. मग मी भाजी काय आहे म्हणून विचारलं.

"वांगी," तुम्ही म्हणालात. "तुमच्या घरी काय आहे ते मात्र मला सांगता येणार नाही."

डोळे उघडले तर आमच्या टीव्हीच्या जागी पुस्तकांचं कपाट, कॅलेंडरच्या जागी बुद्धाची तसबीर, आणि समोर गडवा हातात घेऊन उभी असलेली एक अनोळखी बाई. गडवा हा शब्दही मी नंतर तुमच्याकडूनच शिकलो, आम्ही कोकणातली माणसं त्याला तांब्या म्हणतो. तुम्ही घाबरला नव्हतात, रागावलाही नव्हतात. जत्रेत आलेल्या पोरासारख्या खूष दिसत होतात. मी एक बूट पायात आणि एक हातात घेऊन पळालो.

कुंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला माफी मागायला परत आणलं. माफी तुम्ही ऐकूनच घेतली नाहीत. तुम्ही तिला सांगायला लागलात, "तुमच्याकडेही खुर्ची दाराच्या डावीकडे आहे, तुम्ही यांच्याआधी घरी येता, आणि हे पाणी मागताना तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत." तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कुंदाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तेव्हापासून ती तुमच्या पक्षात गेली ती कायमची.

तुम्ही कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचात हे मला तेव्हा कळलं. तुमच्या मिस्टरांच्या, मेश्रामसाहेबांच्या नावावर हा फ्लॅट निघाला, पण ते तो बघायला राहिले नाहीत. तुम्ही हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूचं भाड्याचं घर सोडून एकट्याच इथे आलात. तुमचा मुलगा आनंद तेव्हा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होता. रविवारी मात्र तुमचं घर भरलेलं असायचं. लातूर, परभणी, वाशिम, कुठकुठली मुलंमुली सरकारी परीक्षांच्या तयारीला दिल्लीत आलेली, करोलबागेकडच्या खोल्यांतून बस पकडून तुमच्याकडे शिकायला यायची. मी वर्तमानपत्र घेऊन कोपऱ्यात बसायचो. तुम्ही माझी ओळख करून द्यायचात, "हे आमचे साळवी काका. हे आमचं प्रॅक्टिकल."

मग धडा सुरू व्हायचा. खटका दाबला आणि दिवा लागला, एवढ्यावर माणसाचं भागत नाही, तुम्ही सांगायचात. खटका आणि दिवा यांच्या मध्ये कुणीतरी बसलेलं असतं. ते डोळ्यांनी आलेलं सगळं जसंच्या तसं घेत नाही, निवडतं, जुन्याशी ताडून बघतं, अर्धं दिसलं की उरलेलं आपल्या पदरचं घालतं आणि हे माझं घर, असं ठरवून मोकळं होतं. साळवी काकांनी माझं घर बघितलंच नाही, त्यांनी स्वतःचं घर बघितलं. मुलं माना डोलवायची. एखाद्याने चुकीचं उत्तर दिलं की तुम्ही त्याला चूक म्हणत नव्हतात. उजव्या हाताच्या दोन बोटांनी टेबलावर टकटक करायचात आणि तो पोरगा आपणच विचारात पडायचा. ती टकटक माझ्याही वाट्याला पुष्कळ आली.

कारण मला हे काही पटायचं नाही. माझं आयुष्य कारखान्यात माल तपासण्यात गेलं. मोजता आलं तर ते आहे, मोजता आलं नाही तर तो गप्पांचा विषय, असं माझं साधं शास्त्र. मी म्हणायचो, मन कुणी बघितलंय? माणूस काय करतो ते सांगा, आत काय चाललंय ते कशाला सांगता? तुम्ही एकदा विचारलंत, की तुमच्याकडे गिअरबॉक्स बिघडला तर लगेच फोडता का? मी म्हटलं, नाही, आधी चालवून बघतो, आवाज ऐकतो, आवाजावरून कुठला दात गेलाय ते कळतं. तुम्ही नुसता चहाचा कप माझ्याकडे सरकवलात. एका परभणीच्या मुलीने लगेच वहीत लिहून घेतलं. मी तरीही हार मानली नाही, त्याला गिअरबॉक्स म्हणतात, त्याला मन म्हणत नाहीत, असं काहीतरी बोलून उठलो.

आणि चुका तुम्हाला किती आवडायच्या. वीज गेल्यावर मेणबत्ती घेऊन बाथरूममध्ये शिरणारा माणूस आधी बटण दाबतो, यावर तुम्ही तासभर बोलू शकत होतात. चुकीतच माणसाच्या आतलं काम दिसतं, बरोबर चालत असतं तेव्हा काहीच दिसत नाही, असं तुमचं म्हणणं. तुम्ही तर चुका पेरायचात. मी पुन्हा घर चुकू नये म्हणून कुंदाने आमच्या दारापुढे एक कुंडी ठेवली, खिडक्यांचा उरलेला निळा रंग तिला लावून. मला सवय झाली, निळी कुंडी दिसली की आत शिरायचं. काही महिन्यांनी एका संध्याकाळी मी निळी कुंडी बघून आत शिरलो, बूट काढले आणि बसलो, तर समोर तुम्ही आणि पदर तोंडाला लावून हसणारी माझी बायको. तुम्ही तुमच्या दारापुढे तशीच कुंडी ठेवली होतीत, आणि निळा रंग तिनेच दिला होता. त्या दिवशी पाण्याऐवजी चहा मिळाला, आलं घातलेला. मी रागवायचं ठरवलं होतं, पण चहा फार चांगला झाला होता. ती कुंडी तुम्ही मग काढलीच नाहीत.

आनंद शिकून गुडगावच्या एका परदेशी कंपनीत लागला आणि घरात कॉम्प्युटर आला. तेव्हा एक मुलगा म्हणाला, मॅडम, म्हणजे माणूस कॉम्प्युटरसारखाच, माहिती आत घेतो, साठवतो, काम करून बाहेर देतो. तुम्ही टकटक केलीत. मला आश्चर्य वाटलं, कारण पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं असं तुम्हीच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "उपमा आहे ती, चालेल तिथपर्यंत न्यायची. तुमचा कॉम्प्युटर कुणाचं मन राखायला खोटं बोलतो का? माणूस बोलतो." हे वाक्य मला तेव्हा नुसतं चटकदार वाटलं.

मागच्या हिवाळ्यात तुम्ही स्वयंपाकघरात पडलात. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी खरं ते सांगितलं, की यांना किती समजतं ते आत्ताच सांगता येत नाही. हात वर करा म्हटलं तर तुम्ही करत नव्हतात. डोळे मिटा म्हटलं तर नुसत्या बघत राहायचात. हळूहळू लोक तुमच्या पलंगाशेजारी बसून तुमच्याबद्दल बोलायला लागले, जसं कपाटाबद्दल बोलावं. आनंदला कंपनी तीन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवत होती. तुम्हाला नागपूरला मावशीकडे ठेवायचं की इथेच नर्स लावायची, याची बोलणी तुमच्या उशापाशीच चालायची.

मी त्याला म्हटलं, अरे, आईशी बोल. तो माझ्यावर वैतागला. "काका, यार, बोलू तर कुणाशी बोलू? आत कुणी आहे का, हेच माहीत नाही. असती तर मी एक मिनिटात तिला विचारलं असतं, जाऊ की नको." मग खाली मान घालून म्हणाला, "नसेल तर मी कुणासाठी थांबायचं?"

मी घरी येऊन कुंदाला हे सांगितलं आणि जेवलो नाही. हे तर माझंच म्हणणं होतं, ताई. जे दिसत नाही ते धरायचं नाही. इतकी वर्षं मी ते तुमच्यासमोर मांडत आलो आणि आता तेच एक पोरगं आपल्या आईबद्दल बोलत होतं. मला तुम्ही आत हव्या होतात. मला त्या वादात हरायचं होतं, आणि कसं हरायचं ते फक्त तुम्हीच शिकवू शकत होतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुमच्याजवळ स्टूल घेऊन बसलो आणि तुम्हाला आपली पहिली गोष्ट सांगायला लागलो. जिना चुकलो, दार ढकललं, बूट काढले. तुम्ही छताकडे बघत होतात. मी म्हटलं, "मग मी चहा मागितला, आणि तुम्ही चहा दिलात."

पलंगाच्या लाकडी कडेवर टकटक झाली. डाव्या हाताची दोन बोटं.

मी माल तपासणारा माणूस, एक नग बरोबर निघाला म्हणून गाडी सोडत नाही. मी खरंखोटं मिसळून सांगत गेलो. कुंडी निळी होती, शांत. कुंडी हिरवी होती, टकटक. भाजी वांग्याची होती, शांत. भेंडीची होती, टकटक, आणि जरा जोरात, कारण भेंडी तुम्हाला आवडायची नाही. हात वर करा म्हटल्यावर जो हात हलत नव्हता, तो चूक ऐकली की आपोआप हलत होता. नंतर डॉक्टर म्हणाले की असंही होतं, सांगितलेली हालचाल जमत नाही, सवयीची जमते. मी त्या क्षणी फक्त एवढंच जाणलं की गिअरबॉक्स बंद आहे आणि आतून आवाज येतोय. मी तुमचा हात धरून रडलो, आणि या वेळी ते खरोखरचं रडणं होतं.

संध्याकाळी आनंदला बसवून सगळं पुन्हा करून दाखवलं. तो आधी उभा होता, मग पलंगाच्या कडेला बसला. आता विचार, मी म्हटलं. पण तुम्हाला प्रश्न विचारून उपयोग नव्हता, तुम्ही फक्त चुकीवर बोलत होतात. म्हणून त्याने विधानं केली.

"आई, तुला वाटतं मी जाऊ नये."

टकटक.

"तुला वाटतं मी जावं."

बोटं शांत राहिली. मी मनात म्हटलं, झालं, निकाल लागला. मला वाईट वाटलं, पण निकाल स्वच्छ होता. आनंद मात्र उठला नाही. बराच वेळ तुमच्याकडे बघत राहिला.

"खोटं बोलतेय ती, काका," तो म्हणाला.

मी म्हटलं, कशावरून? त्याने मला खांद्याला धरून पुढे ओढलं. "तुम्ही बोटं बघताय. तोंड बघा ना तिचं."

मी बघितलं. तुमच्या डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर उतरत होतं आणि बोटं तशीच शांत होती. मला तुमचं कॉम्प्युटरचं वाक्य आठवलं. आत कुणी आहे की नाही, एवढंच शोधायला मी आलो होतो. आत कुणी असेल तर ते मुलाच्या भल्यासाठी आपल्याला फसवूही शकेल, हे माझ्या हिशेबात नव्हतं.

आनंद गेला नाही. त्याने कंपनीला कळवलं आणि रोज संध्याकाळी तुमच्याजवळ बसून दिवसभराच्या धादांत खोट्या बातम्या सांगायला लागला. आज गुडगावच्या रस्त्यावर ट्रॅफिक नव्हता. टकटक. साळवी काका आज मान्य करत होते की मन असतं. टकटक. "अरे, हे मात्र खरं आहे," मी म्हणायचो, तरी टकटक. तुमच्या तोंडाचा एक कोपरा तेव्हा वर जायचा. आम्ही तिघं त्या खोलीत इतके हसलो की नर्स दारातून डोकावून जायची. मेट्रोचे खांब आपल्या सेक्टरपर्यंत आले होते, पहिल्या गाडीत आपण बसायचं असं तो तुम्हाला सांगायचा, आणि त्यावर तुम्ही बोटं हलवली नाहीत. ते दिवस तुम्ही त्याला दिलेत, त्याने तुम्हाला दिले, आणि मला फुकट त्यात बसायला मिळालं. त्याचे उपकार मी कुठे फेडू?

तरी आपला वाद संपला नाही, ताई. बोटं खरी की डोळे खरे? तो गेला असता तर तुम्ही सुखी झाला असतात की थांबला म्हणून झालात? आनंदला खात्री आहे. मला नाही. मला तुमच्याकडून ऐकायचं होतं, आणि तुम्ही एका दुपारी झोपेतच निघून गेलात.

आणखी एक राहिलं होतं. पहिल्या दिवशी तुम्ही ओरडला का नाहीत, हे मी तुम्हाला कितीदा विचारलं असेल. कधी तुम्ही म्हणायचात, प्रयोग चालू होता. कधी म्हणायचात, दिल्लीत अचानक मराठी ऐकून बरं वाटलं. मला प्रयोगाचंच पटलं होतं, तो तुमच्या स्वभावाला शोभणारा होता. विधीला निघताना कुंदा साडीची घडी मोडत होती, तेव्हा मी सहज तिला तेच म्हटलं.

"तुम्हाला अजून ते प्रयोगाचंच वाटतं होय?" ती म्हणाली. "अहो, मेश्रामसाहेब गेल्यापासून संध्याकाळी दारातून येऊन कुणी ताईंकडे पाणी मागितलं नव्हतं. म्हणाल्या होत्या मला. पेला हातात दिला तेव्हा क्षणभर त्यांनाही वाटलं होतं, साहेबच आलेत."

ती हे मला इतक्या वर्षांत बोलली नव्हती, कारण तुम्ही तिला बोलू नको म्हणाला होतात. म्हणजे त्या संध्याकाळी फक्त मीच घर चुकलो नव्हतो. तुमच्याही मनाने अर्धं बघून उरलेलं पदरचं घातलं होतं. वर्गातल्या मुलांना माझी चूक सांगताना तुम्ही स्वतःची चूक तिच्या आत लपवून ठेवलीत, आणि दर वेळी हसून सांगितलीत. मी तुमच्या समोर बसून, तुमचं पाणी पिऊन, डोळे मिटून होतो.

विधीत भंतेजींनी जवळच्या माणसांना पुढे बोलावलं. एका ताटलीत फुलपात्र ठेवलं होतं आणि शेजारी तुमचा तो गडवा. आनंदने मला हाताला धरून खुर्चीतून उठवलं. मी म्हटलं, अरे, हे घरच्यांनी करायचं असतं. "चलो काका," तो म्हणाला, "तुम्ही तर पहिल्यांदा न विचारताच घरचे झालात." त्याने गडवा धरला, त्याच्या हातावर कुंदाचा हात, त्यावर माझा. गाथा सुरू झाल्या. पाण्याची बारीक धार फुलपात्रात पडत राहिली, ते भरलं, काठावरून ताटलीत सांडायला लागलं, आणि भंतेजी थांबा म्हणत नाहीत तोवर ओतत राहायचं होतं.

सगळे त्या पाण्याकडे बघत होते. समोर पाटावर तुमचा फोटो होता. मी पाण्याकडे बघितलं नाही, ताई. मी पूर्ण वेळ तुमच्या तोंडाकडे बघत होतो.